मोहिउद्दीनच्या दोरीतली ओली गाठ

मी गाठ बोलतेय. डोळे बारीक करून पाहा, मी ज्वारीच्या दाण्याहून मोठी नाही. पण काल माझ्या एका बाजूने अडाण नदी ओढत होती आणि दुसऱ्या बाजूने एक बाप. त्याचं नवल मला अजून वाटतंय.

माझा जन्म बोरी अरबजवळच्या डोहावर झाला. मला दोन आया, आणि दोघींचा स्वभाव अगदी उलटा. एक विणीव दोरी. बारीक, हिरवी, कितीही ताणा, लांबायचं नाव नाही. पाणवेलींतून मासा ओढून काढावा तर तिनेच. दुसरी नायलॉनची. जाड, गुळगुळीत, पाण्यात शिरली की दिसेनाशी होते, म्हणून गळाजवळ तिचा मान. या दोघींना घरगुती गाठ मारली तर विणीव बाई हळूच निसटून जाते. मग एकीने दुसरीला वेढे घालायचे, दुसरीने पहिलीला, आणि दोघींनी समोरासमोर सरकत येऊन खेटायचं. बारकीला वेढे जास्त, जाडीला कमी. माझा बाप मोहिउद्दीन हे सगळं न बघता करतो.

तो दारव्ह्यात मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याची लेक अतिया पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. पोरीच्या पोटात अन्न ठरत नाही. शमसुन्निसा, तिची आई, हौसेने करून वाढते आणि घास खाल्ला की उलटी. डॉक्टरांनी सलाइन लावलं, गोळ्या दिल्या, तरी पोरगी वाळत चालली. परवा तिने स्वतःहून एक गोष्ट मागितली. लहानपणी खायची ती नदीतली मरळ.

मोहिउद्दीनने काल भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं. रमजान चालू, कडक ऊन, तोंडात पाण्याचा थेंब नाही. सोबत तांड्यावरचा त्याचा जुना दोस्त देवसिंग.

काल आधी माझी थोरली बहीण बांधली गेली होती. तिची हकीकत मला दोऱ्यांनीच सांगितली. वेढे बरोबर, हात बरोबर. मरळीने गळ गिळला, दोरी सरसरत गेली, आणि बहीण मधोमध तुटली. मासा गेला. मोहिउद्दीनने रिकामी दोरी काठावर ओढून घेतली.

"आता पोरीले काय सांगू मी? अशी कशी तुटली?"

देवसिंगने तुटलेलं टोक बोटावर घेतलं. ते पांढरं पडून कुरळं झालं होतं.

"भाई, गाठ ओढाच्या आंधी तोंडात घातली होती काय?"

"रोजा हाय ना माहा! तोंडात कायले घालू?"

बोलता बोलता तोच थांबला. त्याच्या लक्षात आलं. गाठ आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली करायची, ही त्याची जन्माची सवय. काल रोज्यामुळे ते राहिलं, आणि गाठ त्याने कोरडीच खेचली. कोरडं नायलॉन घासलं की तापतं, आणि तापलं की आतून जळतं. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

"नदीच्या पाण्यात बुडवतो," मोहिउद्दीन म्हणाला.

"पाणी घसरून जाते. थुकीच पाह्यजे," असं म्हणत देवसिंगने तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला, नदीवर जाऊन खळखळून चूळ भरली आणि जबडा उघडून बसला. "दे इकडं. मरळीले खर्र्याची चटक लागली त मले बोलू नको."

तर अशी मी जन्मले. वेढे एकाच्या बोटांचे, ओल दुसऱ्याच्या तोंडाची. मोहिउद्दीनने मला सावकाश ओढलं. दोन्ही आया सरकत जवळ आल्या आणि अशा बसल्या, की मधून वारा जाऊ नये. त्या क्षणी मला पहिल्यांदा स्वतःची ओळख पटली.

उन्हं उतरली तेव्हा ओढ बसली. काय सांगू! ती माशाची ताकद नव्हती, सगळा डोहच खाली बसून मला ओढत होता. एक आई ताणून लांबत होती, दुसरी ताठ उभी होती, आणि मधे एवढीशी मी. मला वाटलं, संपलं. पण मी तसूभरही सरकले नाही.

त्यातच गावातून मगरिबची अजान ऐकू आली. मोहिउद्दीनचे दोन्ही हात गळाच्या काठीवर. देवसिंगने त्याच्या खिशातून खजूर काढला, शर्टाला पुसला आणि त्याच्या तोंडात घातला. त्याने ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटली, रोजा सोडला आणि मरळ काठावर घेतली.

घरी काठी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवली होती, म्हणून पुढचं मला दिसलं. अतियाने घास घेतला. आई-बाप तिच्याकडे बघत होते. दुसरा घास गेला, तिसरा गेला. काहीच उलटलं नाही. तिने ताट पुढे केलं.

"अम्मी, और है क्या?"

मोहिउद्दीनने भिंतीकडे तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले.

आज तो दुकानात काठी मांडीवर घेऊन बसलाय. मोठा मासा ओढलेल्या गाठीवर पुन्हा भरवसा ठेवायचा नाही, हा त्याचा नियम, आणि तो योग्यच आहे. पक्कड माझ्याजवळ आली आहे. मला दुःख नाही. एवढ्याशा जिवाने नदी धरून ठेवली, आणखी काय हवं?

जाता जाता एकच मागणं. पुढची बांधाल तेव्हा ती कोरडी आवळू नका. आपलं तोंड सुकलं असेल, तर शेजारी बसलेल्याला हाक मारा.