डाव्या हाताचा थेंब

नळदुर्गला हायवेच्या कडेच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. पार ईट गावापासून सास्तूरपर्यंतची माणसं जीपा भरभरून आली होती. ढाब्यावर जेवायला थांबलेले दोन ट्रकवाले 'बघू तरी काय आहे' म्हणून आत शिरले होते आणि आता चपला काढून, हात जोडून उभे होते. स्टेजवर, जिथं एरवी नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात, तिथं एक सूक्ष्मदर्शक मांडला होता. त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. शेजारी भगव्या कफनीत सूक्ष्मतेज महाराज बसले होते आणि मागं भिंतभर पडदा लावला होता.

पडद्यावर काळाकुट्ट अंधार, आणि त्या अंधारात हिरवेगार ठिपके थरथरत, नाचत होते.

"हे कस्तुराबाईंचं रक्त," महाराज माईकवर म्हणाले. "आत्ता माउलीनं तीर्थ घेतलं, आत्ता तेजःकण रक्तात पोचले. बघा कसे जिवंत आहेत. आता हे एकेक रोगजंतू गिळणार. याला क्वांटम तीर्थ म्हणतात. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी इथं हात टेकले."

क्वांटम म्हणजे काय, हे सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यावर कुणी शंकाही घेतली नाही. स्टेजवर उभ्या कस्तुराबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते बघून खालच्या बायकाही पदर डोळ्यांना लावत होत्या.

बायकांच्या रांगेत बसलेल्या शिवकन्येला मात्र रडू येत नव्हतं, संताप येत होता. ती कस्तुराबाईंची धाकटी लेक. हैदराबादला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. अंगात बाहेरचं काही शिरलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते कसं गिळतात, हा तिचा अभ्यास. त्यासाठी पेशींना जे खायला घालायचं, तेच समोर पडद्यावर नाचत होतं: प्लास्टिकचे मणी, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, अंगात चमकता रंग मुरवलेले. निळा प्रकाश पडला की हिरवे उजळतात. पेशीनं किती मणी गिळले ते मग मोजता येतं. सूक्ष्मदर्शक नीट लागला आहे का, तेही ती रोज याच मण्यांवर तपासायची. ओळखीचं माणूस गर्दीत पाठमोरं दिसलं तरी कळतं, तसे तिला ते कळले. सगळे अगदी एका मापाचे. जिवंत गोष्ट इतकी सारखी कधीच नसते. एका कणसातले दाणेसुद्धा लहानमोठे असतात.

पण ओळखून काय उपयोग? तिला आईला परत औषधावर आणायचं होतं. गावची आशा कार्यकर्ती शाहिस्ता हिनं फोन केला म्हणून तर ती धावत आली होती.

"तुझ्या आईनं टीबीच्या गोळ्या सोडल्या बघ," शाहिस्ता म्हणाली होती. "म्या घरी गेले तर म्हणत्यात, आता तीर्थ चालू हाय. अशा मधीच सोडल्या तर उद्या त्या गोळ्या लागू पडायच्या न्हाईत. आन् तुझ्या भावाचं तान्हं लेकरू दिवसभर त्यांच्याच मांडीवर असतंय."

सकाळी घरी वाद घालून झाला होता.

"आई, तुझा खोकला गोळ्यांनी थांबलाय."

"गोळ्यांनी मळमळ व्हायली, लघवी लाल व्हायली. तीर्थानं काय होतंय का? कायबी होत न्हाय."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. तीर्थानं काहीही होत नव्हतं.

"तू सांगतेस ते हिरवे ठिपके प्लास्टिकचे मणी असतील गं."

"मग माझ्या रक्तात कसे गेले? लई शिकलीस न्हवं, सांग की."

इथं शिवकन्या अडली होती, आणि आता डोळ्यांनी बघूनही अडलीच होती. पोटात गेलेला मणी क्षणात बोटात येत नाही. सुई तर बंद पाकिटातली. थेंब ठेवायची काच तिच्या चुलत्यांनी, म्हणजे आण्णासाहेबांनी, स्वतः पुसून दिलेली. आण्णासाहेब शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि महाराजांनी त्यांना पहिल्या दिवसापासून परीक्षक म्हणून स्टेजवरच खुर्ची दिली होती. भोंदूला भोळी माणसं लागतात हे खरं, पण त्याहून जास्त लागतो तो स्वतःला हुशार समजणारा साक्षीदार.

पुढचा भाविक वर आला. शिवकन्या आता पडद्याकडं न बघता त्याच्या हाताकडं बघू लागली. त्यानं उजव्या हाताच्या तळव्यावर तीर्थ घेतलं, पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि महाराजांना नमस्कार केला. महाराजांचा चेला सोमलिंग यानं त्याचं बोट धरलं, सुई टोचली, थेंब काचेला टेकवला. बोट उजव्या हाताचंच. झालं, पडद्यावर हिरवा नाच सुरू.

शिवकन्येनं कपाळाला हात लावला. इतकं सोपं होतं. तीर्थ उजव्या हातात घ्यायचं आणि ओला हात डोक्याला लावायचा, हे तिलाही आजीनं शिकवलं होतं. तो हात पुसायचा नाही आणि धुवायचा तर मुळीच नाही. मणी रक्तात नव्हतेच. ते तीर्थात होते, तीर्थातून बोटाच्या कातडीला लागत होते, आणि थेंब बाहेर आला की त्यात मिसळत होते. सगळे काच तपासत होते, सुई तपासत होते. बोट कुणीच तपासत नव्हतं, कारण ते तर आपलंच. बिचाऱ्या महाराजांना काही नवं शिकवावंसुद्धा लागलं नव्हतं. अर्धी हातचलाखी आमचीच माणसं करून देत होती.

ती उठून सरळ स्टेजवर गेली.

"महाराज, माझ्या आईचं रक्त आणखी एकदा बघू. या वेळी डाव्या हाताचं, साबणानं धुवून."

सभागृहात कुजबुज झाली. महाराज गोड हसले. "माउली, डावा हात अशुभ. तेज उजव्या अंगानं चढतं."

"शिवकन्ये, देवाच्या कामाला कुणी डावा हात देतंय व्हय?" आण्णासाहेब करवादले. "खाली बस."

"आण्णा, साखर तपासायला तुम्ही रक्त कुठल्या हाताचं दिलं होतं?"

"डाव्या."

"उजव्याचं दिलं असतं तर साखर वेगळी निघाली असती?"

आण्णासाहेबांमधला जुना मास्तर जागा झाला. "न्हाय," ते सावकाश म्हणाले. "रक्त एकच. सगळ्या अंगात फिरतंय."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," महाराजांचा गोडवा थोडा आटला होता.

पण त्यांना नडली ती श्रद्धाच. कस्तुराबाई पुढं झाल्या. "घ्या की महाराज. माझी श्रद्धा कुठं कमी हाय? एकदा हिचं तोंड तरी बंद व्हईल."

पंगतीच्या बेसिनवर कस्तुराबाईंनी हात खसखसून धुतले. गर्दीतून शाहिस्ता वर आली, तिनंही हात धुतले, नवी सुई घेतली आणि डाव्या करंगळीशेजारचं बोट टोचलं. नव्या काचेवर थेंब गेला. पडदा काळाच राहिला. सोमलिंगनं चाक इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. पडद्यावर अमावास्या ती अमावास्याच.

"अश्रद्ध मुलीची सावली पडली," महाराजांनी माईक ओढला. "तेज रुसलं."

"मग मी बाजूला होते," शिवकन्या म्हणाली आणि तिनं बेसिनवरून वाटीभर पाणी आणलं. "आण्णा, तुम्ही तीर्थ घेतलंय ना? या वाटीत नळाचं साधं पाणी आहे. त्यात उजवं बोट बुडवा आणि त्याचा थेंब काचेवर ठेवा."

आण्णासाहेबांनी ठेवला. पडद्यावर हिरवे ठिपके नाचू लागले, मघापेक्षाही जोरात.

"मास्तरांच्या बोटानं नळाला चैतन्य आलं," एक ट्रकवाला म्हणाला, आणि आख्खं सभागृह हसलं. शिवकन्येनं माईक हातात घेतला. ते मणी जिवंत नाहीत, पाण्याचे डोळ्यांना न दिसणारे कण त्यांना सतत चहूकडून ढकलतात म्हणून ते थरथरतात, धुळीचा बारीक कण पाण्यात टाकला तरी असाच थरथरेल, असं तिनं सांगितलं. मग तिनं ढाब्याच्या गल्ल्यावरची, खोट्या नोटा ओळखायची जांभळी बत्ती मागवली आणि दिवे घालवायला सांगितले.

अंधारात बत्ती रांगांवरून फिरली. तीर्थ दारातच बहुतेकांना मिळालं होतं, आणि ते मोठ्या उदार हातानं कालवलेलं असावं. बायकांचे भांग हिरवे चमकले. बाप्यांची टाळकी चमकली. आण्णासाहेबांचं टक्कल तर चांगलंच उजळलं. सोमलिंगचे हात मनगटापर्यंत हिरवे होते. शेवटी बत्ती महाराजांवर आली. लांब जटा, दाढी, कपाळ, हात, कुठंच काही नाही. सगळ्यांना तीर्थ देणाऱ्याचंच डोकं अंधारात होतं.

कस्तुराबाई त्या डोक्याजवळ गेल्या.

"महाराज," त्या म्हणाल्या, "तुमी सोता तीर्थ घेत न्हाय व्हय?"

दिवे लागले तेव्हा महाराज मागच्या दाराशी होते, पण तिथं दोन्ही ट्रकवाले उभे होते. पोलीस येईपर्यंत सोमलिंगनं बडबडून टाकलं, की महाराज आधी प्रयोगशाळांना यंत्रं विकत फिरायचे. तिथंच हे मणी बघितले आणि बाटलीभर जमवले. ज्या मण्यांवर शास्त्रज्ञ आपलं यंत्र पारखून घेतात, त्यांच्यावर या गृहस्थानं माणसं फसवली होती.

घरी आल्यावर कस्तुराबाई ओट्यावर बसून रडल्या, पण मघाचं आनंदाचं रडणं वेगळं होतं. "लेकरू मांडीवर घेऊन खेळवीत हुते गं मी," एवढंच त्या म्हणत राहिल्या. शिवकन्येलाही हुंदका आवरला नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, लेकरालाही दाखवून आणलं, आणि डॉक्टरांनी चार शब्द सुनावून गोळ्या पुन्हा चालू केल्या.

शाहिस्तानं गोळी पुढं केली तेव्हा कस्तुराबाईंनी मुद्दाम डावा हात पुढं केला. "ह्या हातानं घेतली तर चालंल का?"

"कुठल्याबी हातानं घ्या काकू," शाहिस्ता म्हणाली. "पोटात गेली म्हंजी झालं."

तर मंडळी, डोळ्यांनी दिसलं ते खरं, असं आपण म्हणतो. कस्तुराबाईंनाही डोळ्यांनीच दिसलं होतं, आणि सूक्ष्मदर्शकही काही खोटा नव्हता. खोटा होता तो त्यात दिसलेल्याचा लावलेला अर्थ. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडायची घाई करू नका. तो दुसऱ्या हातानं होतो का, हात धुतल्यावर होतो का, नळाच्या पाण्यात होतो का, ते आधी बघा. विचारल्यानं जी श्रद्धा मोडते, तिच्या भरवशावर औषध सोडायचं नसतं.