स्टॅनवेंच्या फाटकावरची बेडी

मित्रांनो, कुरणाच्या फाटकाला अडकवलेलं हे काळपट कडं आणि त्याची हातभर साखळी पाहून तुम्ही मला गोठ्यातलं काहीतरी समजाल. तसं समजणारे पुष्कळ होऊन गेले, त्यामुळे मी रागावणार नाही. मी एक जुनी बेडी आहे, माणसाच्या पायातली. इथे टास्मानियात, स्टॅनवे घराण्याच्या मेंढ्या बाहेर पळू नयेत म्हणून फाटक घट्ट धरून ठेवणं हे माझं काम, आणि ते मी सव्वाशे वर्षं करते आहे.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका भट्टीत झाला. लोहाराने दोन अर्धी कडी मागे बिजागरीने जोडली, पुढे खिळा ठोकायला भोकं असलेले दोन कान ठेवले आणि पाठीवर तीन रेघा ठोकल्या. पक्ष्याचं पाऊल चिखलात उमटावं तशी ती खूण दिसते. सरकारी मालावर ती मारत असत. माझ्या शेजारी त्याच दिवशी नांगराचे फाळ तयार झाले, आणि ते शेतावर निघाले तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला होता.

मी जहाजाने इथे आले आणि एबेल स्टॅनवेच्या डाव्या पायात पडले. हा एबेल इंग्लंडातल्या विल्टशायरचा शेतमजूर. मळणीची यंत्रं आली तशी गावातल्या मजुरांची हिवाळ्याची कामं गेली, म्हणून चिडलेल्या लोकांनी एक यंत्र फोडलं. त्यात एबेलच्या हातात हातोडा होता. त्याला जन्मभरासाठी समुद्रापार धाडलं. इथे त्याला एका मालकाच्या शेतावर राबायला दिलं, तिथून तो डोंगराकडे पळाला आणि पकडला गेला. मग त्याच्या पायात मी, आणि समोर रस्त्यासाठी फोडायचे दगड.

पहिल्या काही दिवसांतच मी त्याचा घोटा सोलून काढला. मला वाईट वाटत होतं, पण लोखंडाला मऊ होता येत नाही. बाकीचे कैदी आपापल्या बेड्यांना शिव्या देत झोपत. एबेल मात्र रोज संध्याकाळी सदऱ्याच्या टोकाने मला कोरडी करायचा, कारण गंजलेली बेडी जास्त कापते. स्वतःच्या भल्यासाठीच करत होता म्हणा. तरी त्याआधी मला कोणी पुसलं नव्हतं, आणि ते मी कधीच विसरले नाही.

बेडीची शिक्षा संपली तेव्हा लोहाराने माझ्या कानातला खिळा तोडला. त्याचा घाव जरा चुकला आणि माझ्या कानावर एक खाच पडली. एबेल उठून चालू लागला, आणि कितीतरी अंतर तो डावा पाय विनाकारण उंच उचलत गेला. मला ढिगावर फेकून दिलं.

पुढचं मला नंतर कळलं. काही वर्षांनी त्याला सरकारी माफी मिळाली. तो दुसऱ्यांच्या मेंढ्या भादरत राहिला, मग वाट्याने कळप सांभाळू लागला. एका मालकाला इंग्लंडची ओढ लागली, तेव्हा त्याची नदीकाठची टेकडी एबेलने घेतली. ती जमीन कोणाची होती हे विचाराल, तर मालकाच्याही आधी तिथे माणसं राहत होती. त्यांना कोणी काही विचारलं नाही. त्यांच्या चुलींचे काळे दगड आजही नांगराला लागतात.

कैद्यांचा तळ मोडला तेव्हा जुनं लोखंड विकायला काढलं. एबेल गाडी घेऊन आला. मला वाटलं, कुंपणासाठी लोखंड हवं असेल. पण तो गुडघे टेकून ढिगातली एकेक बेडी उचलू लागला आणि तिच्या कानावरून अंगठा फिरवू लागला. बाजूची माणसं हसत होती. माझ्या खाचेवर अंगठा आला आणि तो थांबला. मित्रांनो, मी लोखंड आहे, तरी सांगते, त्या क्षणी मी थक्क झाले. ज्याला मी इतकं सोललं, तो मला शोधत आला होता.

त्याची बायको डोर्कस हीही कैदी म्हणूनच आलेली, कापडाचा तुकडा चोरला म्हणून. तिने दारातच कंबरेवर हात ठेवले.

"हे उंबऱ्याच्या आत आलं तर मी उंबऱ्याच्या बाहेर. आधीच सांगून ठेवते."

"बरं बाई. फाटकाला लावतो मग," एबेल म्हणाला. "इतकी वर्षं हिने मला धरून ठेवलं, आता माझ्या मेंढ्या धरून ठेवू दे."

त्याने माझ्या कानांत साधी खीळ घातली आणि मला फाटकावर टांगलं. जाता-येता रोज तो मला हाताने उचलायचा. पुढे त्याने शेतावर मळणीचं यंत्र आणलं, आणि पहिल्या दिवशी दिवसभर माझ्यापाशीच उभा राहिला, यंत्राजवळ फिरकला नाही. पहिली मुलगी झाली तेव्हा तिला तो फाटकापाशी घेऊन आला. तिचा इवलासा डावा पाय माझ्यातून आत घातला, बाहेर काढला, आणि म्हणाला, "हा पाय मोकळा." मला घरात न घेणारी डोर्कस एप्रनमध्ये तोंड लपवून रडली. पुढे मुलगा असो की मुलगी, प्रत्येक मूल असंच माझ्यातून गेलं.

आता माझ्या पडत्या काळाचं सांगते. एबेलच्या नातवाला गावाच्या कारभारात खुर्ची हवी होती, आणि त्या काळी घराण्यात कैदी निघणं म्हणजे तोंड काळं होणं. त्याने आजोबाला मेल्यावर कॅप्टन करून टाकलं. मी त्याच्या जहाजाच्या नांगराची साखळी झाले. पाठीवरच्या तीन रेघांना तो समुद्रपक्ष्याचं पाऊल म्हणू लागला. आणि मूल माझ्यातून का काढायचं, तर म्हणे समुद्राने त्याला ओढून नेऊ नये म्हणून! मुली कुठे जहाजावर जातात? म्हणून मुलींचे पाय बंद झाले. "हा पाय मोकळा" हे शब्द तेवढे मुलग्यांसाठी तसेच राहिले. त्या घरातला एकही मुलगा तळ्यावरच्या मासेमारीपलीकडे गेला नव्हता, हा भाग वेगळा.

त्या नातवाची मुलगी हेस्टर. तिच्या धाकट्या भावाचा पाय माझ्यातून काढला तेव्हा ती फाटकाच्या आडव्या फळीवर उभी राहून बघत होती. सगळे गेल्यावर तिने हळूच आपली मूठ माझ्यात घातली. बस, तेवढंच. मग भाऊ शहरात गेला आणि मेंढ्या, कुंपणं, दुष्काळ, वणवे हे सगळं हेस्टरने एकटीने सांभाळलं. ती सत्तरीला आली. ही जमीन तिने राखली, पण तिचा पाय माझ्यातून कधी गेला नाही.

गेल्या हिवाळ्यात भावाची मुलगी रोवेना आपल्या तान्ह्या टॅन्सीला घेऊन आली. तिने सरळ विचारलं, "आत्या, हिचा पाय कधी काढायचा?"

"मुलींचा काढत नाहीत."

"का?"

"कॅप्टनची रीत आहे."

रोवेना हट्टी. ती कॅप्टनच्या शोधाला लागली. कोणत्याही जहाजावर कॅप्टन स्टॅनवे सापडेना. एके दिवशी ती समुद्रकाठच्या जुन्या तुरुंगाचे अवशेष बघायला गेली आणि तिथे काचेच्या पेटीत तिला माझी बहीण दिसली. तेच दोन कान, तीच बिजागरी, पाठीवर पक्ष्याचं तेच पाऊल. परत आल्यावर तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि इथेच, फाटकापाशी, आत्याला सगळं सांगितलं.

हेस्टर म्हणाली, "शेजारच्या क्रॉसलँडांचा पणजोबा कैदी होता, हे मी चाळीस वर्षं प्रत्येक चहाला चघळत आलेय. आता त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ?"

"त्यांच्याकडे केक घेऊन जा," रोवेना म्हणाली.

हेस्टर हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला फाटकावरून काढलं आणि एकटीच मेंढ्यांच्या पाण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्यावर आली. तिचा हात पाण्यावर होता आणि हातात मी. खाली गाळ किती खोल आहे हे मला ठाऊक होतं, तिथे पडलेलं पुन्हा कोणाला मिळत नाही. मला फार भीती वाटली. एबेलची आठवण ठेवणारी त्या टेकडीवर मी एकटीच उरले होते.

तिने मला नीट धरायला बोटं सरकवली. तेव्हा तिचा अंगठा माझ्या कडेवरच्या गुळगुळीत खोलग्यात बसला. एबेलच्या रोजच्या अंगठ्याने झिजून तो खोलगा झाला होता. ती थबकली. रोवेना मागून धावत आली.

"लपवायचं असतं, तर हे त्याने फाटकावर टांगलं असतं का?" हेस्टर म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर? लपवलं ते माझ्या बापाने गं. आणि मी त्याला साथ दिली."

आम्ही फाटकाशी परत आलो. टॅन्सी दुपट्यात कुरकुरत होती. रोवेनाने तिचा डावा पाय माझ्यातून आत घातला आणि बाहेर काढला. "हा पाय मोकळा." दोघींच्या तोंडी एबेलचेच शब्द होते, पण त्यांचा अर्थ त्या घरात कितीतरी वर्षांनी परत आला होता.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी ओबडधोबड जुनी वस्तू पडून असेल. तिला फेकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा, आणि पुसलीत तरी तिच्यावरच्या खुणा घासून काढू नका. माझी एवढीच विनंती आहे. आणि आता त्या सकाळचं राहिलेलं सांगते.

हेस्टरने मेंढ्या भादरायच्या कातरीचं तेल मागवलं. माझ्या कानांतली खीळ हातोडीने ठोकून बाहेर काढली. बिजागरी करकरली, पण उघडली. मग त्या म्हातारीने फाटकाला टेकून डावा बूट काढला, मोजा काढला, आणि मला आपल्या घोट्याभोवती बंद केलं.

त्या थंड, सुजलेल्या घोट्याभोवती मी श्वास रोखून बसले. एबेलनंतर माणसाच्या पायात मी कधी बसले नव्हते. आता लोहार येईल, पहारेकरी येईल, असं मला वाटत राहिलं. कोणी आलं नाही. हेस्टर तशीच दोन पावलं चालली, वाकली, आणि तिने स्वतःच्या हाताने मला उघडलं.

"हा पाय मोकळा," ती म्हणाली, आणि मला पुन्हा फाटकावर टांगून अनवाणीच मेंढ्यांकडे गेली.