उजेडाकडे तोंड

आमच्या नाटकात एक शिस्त होती. बोलण्याआधी आपला उजेड शोधायचा. दिव्याची तिरीप कुठे पडते ते हेरायचं, तोंड तिकडे करायचं आणि मगच वाक्य टाकायचं. गसी मेरिक हे दहाव्या वर्षी शिकली आणि पुढची तीस वर्षं ओहायोपासून डेन्व्हरपर्यंत, फिरत्या कंपनीसोबत आगगाडीच्या बाकांवर झोपत, तिने ते पाळलं. मी त्याच कंपनीत खाष्ट घरमालकिणी आणि विधवा आत्या रंगवायची. पंचविशीतच मला म्हातारी केलं होतं, कारण माझं नाकच तसं आहे.

मग मूक सिनेमा आला आणि गावोगावची नाटकघरं ओस पडली. ज्याने पोटावर पाय दिला त्याच्याच दारात आम्ही दोघी हॉलिवूडला येऊन उभ्या राहिलो. लिंबाच्या बागांमधल्या त्या गावात खोली मिळेना. दारोदार पाट्या होत्या, ‘कुत्री आणि सिनेमावाले नकोत.’

"बघ नेल," गसी म्हणाली, "इथेही कुत्र्यांचं नाव आपल्या आधी."

दोन वर्षं पोरीसोरींच्या मागे गर्दीत उभी राहिल्यावर तिला नायिका मिळाली. एक आंधळी शिवणकाम करणारी बाई, जिला शेवटी दृष्टी येते. दिग्दर्शक ड्रिस्कॉल पूर्वी घोडे विकायचा, आणि माणसांकडेही दात मोजल्यासारखाच बघायचा. "सगळ्या चित्रपटाचा जीव तुमच्या डोळ्यांत आहे, मिस मेरिक," तो म्हणाला. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

तिथले दिवे वेगळे होते. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पांढरी आग फुसफुसायची, पुढे काच नाही, आणि अंगावर बारीक राख पडायची. सिनेमात वाढलेली पोरं त्या आगीकडे चुकूनही बघत नसत. दिवे सांभाळणारा लार्स गसीला रोज बजावायचा, "बाई, दिव्यात नका बघू, डोळे भाजतात. माझ्या टोपीकडे बघा."

"हो रे बाबा, तुझी टोपीच बघते," ती म्हणायची. पण वाक्य तोंडाशी आलं की मान आपोआप दिव्याकडे वळायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

पहिल्यांदा डोळे भाजले तेव्हा कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून दोन दिवसांत उतार पडला. दुसऱ्यांदा आठवडा गेला. डॉक्टर म्हणाला, "महिनाभर अंधारात पडून राहा, नाहीतर कायमच्या अंधारात राहाल." गसीने त्याचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. एकोणीस वर्षांची एक पोरगी रोज तिथे येऊन बसायची, गसी आजारी पडायची वाट बघत.

शेवटच्या प्रसंगाच्या सकाळी ती अंथरुणातून म्हणाली, "नेल, पडदे उघड ना."

पडदे उघडेच होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी पडद्यांकडे गेलेच नाही, त्यावरून तिला समजलं. बराच वेळ ती चादर चाचपत राहिली. मग म्हणाली, "ड्रिस्कॉलला सांगायचं नाही."

"वेडी आहेस का? आपण डॉक्टरकडे चाललोय."

"उद्या. आज हा एक प्रसंग. चाळिशी उलटली माझी, नेल. पुन्हा कोण देणार नायिका? आणि आंधळीला आंधळीचं काम, त्यात अवघड ते काय?"

"गधडे, आज तुला दिसायला लागतं!"

"मग करते ना अभिनय," ती म्हणाली आणि हसली. मला तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

गप्पा मारल्याचं नाटक करत मी तिला दंडाला धरून स्टुडिओत नेलं आणि खुर्चीत बसवलं. दिवे पेटले. तिने मान हळूच इकडे वळवली, तिकडे वळवली. आता उजेड तिला गालाने शोधावा लागत होता. धग लागली तशी ती थांबली.

"दिसतंय!" ड्रिस्कॉल ओरडला. "आयुष्यात पहिल्यांदा दिसतंय!"

तिने डोळे उघडले. काय सांगू? पहिल्यांदा दिसताना जग कसं भासत असेल, ते सगळं त्या चेहऱ्यावर होतं. लार्स बाहीने नाक पुसत होता. मीही रडत होते, पण माझं कारण निराळं होतं.

ड्रिस्कॉलने कॅमेरा थांबवला. तो गसीच्या अगदी जवळ गेला आणि तिच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी लवली नाही. त्याने पुन्हा फिरवला. आता हा आरडाओरडा करणार, आम्हाला हाकलणार, असं मला वाटलं. खरं सांगते, तेच व्हावं म्हणून मी देवाचा धावा करत होते.

तो वळला. "लार्स, दिवे पुढे घे. अगदी तोंडाशी. आता बाई पापणी मिटत नाहीत."

"साहेब, याहून पुढे घेतले तर..."

"घे म्हटलं ना."

मी धावत गेले आणि तिचा हात धरला. "ऊठ गसी! याला कळलंय. सगळं कळलंय याला!"

"कळलंय?" तिने माझा हात घट्ट दाबला. "आणि तरी काढत नाहीये मला?"

"गसी..."

"मग बाजूला हो, नेल. तुझी सावली पडतेय माझ्यावर."