तळाची दोन बोटं

सहा वर्षं ती त्या एकाच काचेच्या भांड्यापुढे बसून होती. भांडं ते केवढं, दोन लिटरचं. एका नळीतून ताजं खाद्य थेंबथेंब आत यायचं, दुसरीतून तेवढंच बाहेर जायचं, आणि मधल्या मधे सूक्ष्मजीव वाढायचे. प्रवाह फार वाढवला की वाढ मागे पडते आणि सगळे वाहून जातात, असं पुस्तक सांगतं. हिचे जातील तर शपथ! कितीही वेग द्या, पठ्ठे ठाण मांडून. त्याच जोरावर प्रबंध उभा होता, आणि महिनाअखेर तो दिला की सुटका. आई फोनवर रोज विचारायची, संपलं का गं? त्या प्रश्नाचाही आता तिला शीण यायचा.

अशात भांड्यातल्या ढवळणीची मोटर जळाली. ती बदलायला मेस्त्री आले. इथली यंत्रं सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता, निवृत्तीला दोन महिने उरले होते. पातं बसवताना त्यांनी सहज विचारलं, मागच्यासारखं दोन बोटं वर ठेवू ना? तळाला घासून किरकिरायचं म्हणून वर घेतलं होतं.

तिने भांड्यात साधं पाणी भरलं, पातं त्याच उंचीवर ठेवायला लावलं आणि तळाशी शाईचा थेंब सोडला. वरचं पाणी गरगर फिरत होतं. खाली शाई आपली निवांत. म्हणजे तिचे जीव जोमदार वगैरे काही नव्हते. तळाशी दडी मारून बसायचे आणि थोडे थोडे वर मिसळत राहायचे.

पातं खाली घेऊन तिने प्रयोग पुन्हा लावला. चौथ्या दिवशी भांडं नितळ झालं. सगळे वाहून गेले होते.

तिच्या मार्गदर्शक सरांनी ते पाहिलं आणि मेस्त्रींना फैलावर घेतलं. कुणाला विचारून पातं हलवलंत? वर तक्रार करतो, मग बघू निवृत्ती कशी होते ती. तिला मात्र म्हणाले, तुझा काय दोष, वर्षभराची मुदतवाढ मिळवून देतो.

मेस्त्री खाली मान घालून चुकलं म्हणाले. आणि तेव्हा तिला आठवलं. पहिल्या वर्षी, पात्याच्या किरकिरीने डोकं उठलं म्हणून तिनेच त्यांना हाक मारली होती. तेवढा आवाज बंद करा हो मेस्त्री, जीव नकोसा झालाय. त्यांच्या ते पक्कं ध्यानात होतं, तरी ते बोलत नव्हते. गप्प राहणं अगदी सोपं होतं, आणि ती फार दमली होती.

"सर, मीच सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली.

मुदतवाढीचं पुन्हा काही न बोलता सर निघून गेले.

मेस्त्रींनी पाना पुसून ठेवला. मग त्यांनी ढवळणी चालू केली. पातं तळाला घासून किरकिरू लागलं.

"थोडं वर घेऊ का? डोकं दुखेल तुमचं."

"राहू द्या मेस्त्री," ती म्हणाली. "वाजू दे."