बॅटरीवर कुठली खोली

वीज गेली की छतावरचं सोलरही बंद पडतं, हे मी बाबांना कितीदा समजावलं. बाहेर तारांवर काम करणाऱ्याला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपणहून थांबतो. बाबांचं पालुपद एकच : "डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात पंखा नाही! हे कसलं तुमचं शास्त्र?"

प्रश्न पंख्याचा नव्हता. आईला आता सतत ऑक्सिजनचं मशीन लागत होतं. वीज वरचेवर जायला लागली, सिलिंडर वेळेवर मिळेना, तेव्हा आम्ही जुन्या सोलरला बॅटरी जोडायचं ठरवलं.

वायरमनकाकांनी ती जिन्याखाली बसवली. "अख्खं घर हिच्यावर टाकलंत तर ही माझ्यासारखी भरदुपारी झोपेल," ते म्हणाले. "एकच खोली सांगा."

"आईची खोली. बाबा दाखवतील," असं सांगून मी कामावर गेले.

संध्याकाळी मोबाईलवर बॅटरी पूर्ण भरलेली दिसली. मेन स्विच पाडून खात्री करायला हवी होती. पण आईचा नुकता डोळा लागला होता, आणि चालू मशीनवर प्रयोग करायला माझा हात धजला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. मशीन ओरडायला लागलं. बॅटरीवर यायला क्षणभर लागतो, मी मनाशी म्हटलं. क्षण गेला. आईच्या ओठांचा रंग उतरू लागला.

"बाबा, बॅटरी कुठल्या खोलीला जोडलीय?"

"आईच्या. तूच सांगितलंस ना?"

ते पॅसेजच्या टोकाकडे बघत होते. आजीची खोली. ती गेल्यापासून तिथे फक्त तिचा पलंग, गाद्या आणि ट्रंका होत्या. बाबांच्या तोंडी 'आई' म्हणजे आजी. माझ्या आईला ते 'अगं' म्हणत.

एक्स्टेंशनची वायर तिथून अर्ध्या पॅसेजपर्यंतच येत होती. मग आम्ही आईलाच खुर्चीत बसवून उचललं आणि आजीच्या पलंगावर नेलं. "श्वास घे, अगं, श्वास घे," बाबा म्हणत राहिले. मी मशीन आणून तिथल्या प्लगला लावलं. ते चालू झालं. तिच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा हळूहळू वर चढला.

वायरमनकाका संध्याकाळी आले, तोवर वीज परतली होती. "अहो, सांगताना 'कोणाची आई' ते तरी सांगायचं!" ते आधी चिडले, मग वरमले. "दोन वायरींचं काम आहे. आत्ता फिरवतो."

"नको," आई म्हणाली.

"नको काय? तुझी खोली—" बाबा म्हणाले.

"तुमच्या आईचं शेवटपर्यंत सगळं मी याच पलंगावर केलं." दम खात ती बाबांना म्हणाली, "इथे आल्यावर पुढे काय असतं, मला माहितीये. मला परत उचलू नका. आज फार दुखलं."

बाबा पलंगाच्या कडेला टेकले. काकांना म्हणाले, "राहू द्या तसंच."

मी तिच्या उशा आणायला गेले.