तुर्भ्याच्या गच्चीवरचे काळे कागद

मित्रांनो, तुर्भ्यातल्या एका शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे गंजलेली पत्र्याची पेटी दिसते ना, ती मी. हवा ओढून घ्यायची आणि तिच्यातले बारीक कण पांढऱ्या कागदावर धरून ठेवायचे, हे माझे काम होते.

संघमित्रा नावाच्या संशोधक मुलीने मला इथे बसवले. हवेतले कण हवामान कसे बदलतात, याचे गणित ती संगणकावर मांडत असे. काही कण ऊन आकाशाकडे परत पाठवतात आणि थोडा गारवा राखतात. काजळी मात्र ऊन शोषून हवा तापवते. कोणते कण किती, हे तिला माझ्या कागदांवरून कळे. शाळेचे शिपाई धनाजीकाका रोज सकाळी कागद बदलायचे. "आज पन काळाच हाय गं," असे मला म्हणून तो पाकिटात घालायचे. दिवसभरात माझ्याशी बोलणारे ते एकटेच.

एका हिवाळ्यात संघमित्रा रडवेली होऊन वर आली.

"काका, माझ्या संशोधनाचे सर म्हणतात एवढी काजळी असूच शकत नाही. मशीन बिघडलंय, आकडे काढून टाक."

मला फार लागले. मी कधी खोटे सांगितले नव्हते.

काका म्हणाले, "हितं जवळच शिरवणे गावात माज्या घरी वाळत घातलेली कापडं बग, काळी पडत्यात. ती पन बिघडली काय?"

संघमित्राने दुसऱ्या संस्थेतून माझ्यासारखीच नवी पेटी मागून आणली. आठ दिवस आम्ही शेजारी उभ्या राहून एकच हवा ओढली. आयुष्यात मला सोबत मिळाली ती तेवढीच. दोघींचे आकडे जुळले. सरांनी आपली चूक मान्य केली आणि संघमित्राने गणितात काजळी वाढवली. तेव्हा कुठे इथल्या तापत्या दुपारींचे उत्तर बरोबर येऊ लागले. "खरी निघालीस," म्हणत तिने माझ्या पत्र्यावर हात ठेवला. त्याच संध्याकाळी नवी पेटी परत गेली.

पुढे प्रकल्प संपला, संघमित्रा दूरच्या गावी नोकरीला गेली. काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशीही त्यांनी सवयीने नवा कागद लावून मला चालू केले. तो काढायला कोणी आलेच नाही. काजळीने बुजलेल्या त्या कागदातून हवा ओढता ओढता माझी मोटार जळाली.

परवा जाई नावाची एक नवी संशोधक वर आली. फोनवर म्हणाली, "सर, इथलं मशीन बंद आहे. तुर्भ्याचा आकडा अंदाजे टाकू?" पलीकडून काहीतरी उत्तर आले. "ओके," म्हणून ती खाली उतरली.

मित्रांनो, अंदाज बरोबरही असेल. पण तो बरोबर आहे की नाही, हे सांगायला इथे कोणीतरी चालू असावे लागते. मोजणारे यंत्र दिसले, तर ते चालू आहे का एवढे तरी विचारा. मी विचारू शकत नाही.