वाट बघणाऱ्या मुलाला काय सांगायचं

होणारे शिक्षक आणि शाळेतले समुपदेशक घडवण्यात माझ्या बायकोचं उभं आयुष्य गेलं. तिच्या कॉलेजात भिंतीभर तत्त्वं लावलेली, असले जडजड शब्द की वाचतानाच जांभई यावी. हिचं तत्त्व एवढंच होतं: मुलाशी खोटं बोलायचं नाही, आणि जे बोलायला जड जातं ते आधी स्वतःच्या तोंडानं म्हणून बघायचं. त्यासाठी विद्यार्थी आमच्या घरी सरावाला यायचे. आणि मूल कोण व्हायचं? मी! मिशा पिकलेला, सात वर्षांचा. खुर्चीत बसून मी विचारायचो, आई कधी येणार? पोरं गडबडायची. कुणी म्हणे देवाघरी गेली, कुणी म्हणे झोपली. ही तिथल्या तिथे थांबवायची. झोपली म्हणालात तर मूल झोपायला घाबरेल, गेली म्हणालात तर दाराकडे डोळे लावून बसेल. मेली म्हणा. ऐकायला वाईट लागतं, पण कळतं.

मग आमची मुलगी गेली. बघा, मीही गेलीच म्हणतोय. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि परत आलीच नाही. जावई भिंतीला पाठ लावून बसला तो बसलाच. नातीला कोण सांगणार, याची मला काळजी नव्हती, घरात ही होती ना. आणि हिनं नातीला जवळ घेऊन सांगितलं, आई दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल.

मला वाटलं, आज नाही तर उद्या सांगेल. कसलं काय! नात रोज सकाळी बूट घालून दाराशी बसायची, दवाखान्यात न्या म्हणून. ही तिची कशीबशी समजूत घालायची आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायची.

एका दुपारी हिची एक विद्यार्थिनी भेटायला आली. नातीनं तिचा हात धरून तेच विचारलं. ती मुलगी खाली बसली, नातीच्या उंचीला आली आणि सांगू का म्हणून हिच्याकडे बघितलं. हिनं नको म्हणून मान हलवली.

माझं डोकंच फिरलं. घरात परकं माणूस आहे याचंही भान राहिलं नाही.

"एवढ्या पोरांना शिकवलंस," मी म्हणालो, "आणि आपल्या घरात तोंड शिवून बसलीस?"

ती विद्यार्थिनी बिचारी कावरीबावरी होऊन निघून गेली. मला लाज वाटली, पण राग काही उतरेना.

ही भांडली नाही. हळूच म्हणाली, "अहो, मी म्हटलं की ते खरं होईल."

 

मग ही जमिनीवर बसली, नातीला समोर घेतलं.

"तुझी आई मेली, बाळा. तिचं शरीर बंद पडलं. ती परत येणार नाही. मी तुला खोटं सांगितलं."

आवाज अगदी सरळ होता. नात रडली नाही. आईला आता थंडी वाजते का, भूक लागते का, विचारत राहिली. ही नाही, नाही म्हणत गेली. मग पोरगी म्हणाली,

"आजी, आई तुझी मुलगी ना? म्हणजे तुझी मुलगी मेली?"

"हो," ही म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. नातीनं तिचं डोकं ओढून आपल्या इवल्याशा मांडीवर घेतलं, थोपटलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आजोबा, तुमचीपण?"

मी तोंड उघडलं, पण मला हो म्हणता येईना.